तीन फूट आकाश

एमडीएफचा तीन फूट बाय तीन फूट तुकडा रिक्षात बसतो, पण मग आपण नीट बसत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून घरापर्यंत मी तो गुडघ्यांवर उभा धरून बसले होते आणि समोरचं काहीच दिसत नव्हतं. गेल्या दिवाळीतली वसुबारसेची संध्याकाळ. रस्त्याच्या कडेला आकाशकंदिलांची दुकानं लागली होती. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "किल्ल्यासाठी का?" मी हो म्हणाले. अंतराळयानांच्या लढाईसाठी पट रंगवायचाय, हे सिग्नल सुटायच्या आत सांगून होण्यासारखं नव्हतं.

तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. साताऱ्यात लहानपणी आम्ही दर दिवाळीला अंगणात किल्ला करायचो. दगड, विटा, त्यांवर पोतं, पोत्यावर चिखल. चिखलात हळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली की मातीचे मावळे उभे करायचे. बुरुजापेक्षा मावळा उंच असायचा, पण त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मोठेपणी मी जो छंद धरला तो याचाच चुलतभाऊ आहे. टेबलावर एक छोटं जग मांडायचं आणि त्यात छोट्या आकृत्या हलवायच्या.

आमचा खेळ म्हणजे 'स्टार वॉर्स: एक्स-विंग'. २०१२ साली निघालेला. सिनेमातली लढाऊ यानं, तळहातावर मावतील एवढी, पारदर्शक काडीवर उभी केलेली. मैदान तीन फूट बाय तीन फूट. प्रत्येक यानाची एक चकती असते. दोन्ही खेळाडू तिच्यावर आपापली चाल गुपचूप ठरवतात, मग ती उघड करतात आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून यान पुढे सरकवतात. म्हणजे समोरचा कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून आपली चाल आधीच पक्की करून टाकायची. अंदाज चुकला की आपलंच यान लघुग्रहावर जाऊन आपटतं. नेम लागला की नाही ते फासे ठरवतात. मारणाऱ्याचे लाल, चुकवणाऱ्याचे हिरवे.

२०२४ साली या खेळात नवीन काही काढणं थांबलं. आम्ही चौघं मात्र एक शनिवार सोडून एका शनिवारी माझ्या घरी जमतो आणि डायनिंग टेबलावर काळी चादर अंथरून खेळतो. चादरीला सुरकुत्या पडतात, यानं कलंडतात, मग कोण कुठे होतं यावरून भांडणं होतात. अंतराळ छापलेली रबरी मॅट परदेशातून मागवता येते. टपालखर्च आणि जकात धरून तिची किंमत पाहिली आणि ठरवलं, आपणच रंगवू.

त्यासाठी दिवाळीची सुट्टी निवडली, कारण ती मोकळी होती. त्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. एकसष्टाव्या वर्षी, झोपेत. एप्रिलमध्ये आजी गेली. जुलैमध्ये मामाची दुचाकी खंबाटकी घाटात घसरली. पाय दोन ठिकाणी मोडला, जीव वाचला. त्यानंतर मी साताऱ्याचं घर बंद केलं आणि आईला पुण्याला माझ्याकडे घेऊन आले. वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे सण नव्हता. कंदील नाही, पणत्या नाहीत, कढई चढवायची नाही. शेजारच्या घरांतून फराळाची ताटं येत होती आणि आई ती रिकामी परत देताना काय घालावं या विचारात पडत होती. शेवटी ती प्रत्येक ताटात थोडी साखर घालायला लागली.

दारात रांगोळीही नव्हती. माझ्या अख्ख्या आयुष्यात आमच्या दारात दिवाळीला रांगोळी नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. आई ठिपक्यांची रांगोळी काढते. एकवीस ते अकरा, पंधरा ते आठ. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद तिच्याकडे आहे, पण मोठी रांगोळी असेल तरच ती तो काढते. एरवी नुसत्या चिमटीने ठिपके देते आणि एकही ओळीबाहेर जात नाही.

त्याच रात्री नाशिकहून आत्याचा फोन आला. सहा महिन्यांत तीन घाव, हे साधं नाही, घराला काहीतरी लागलंय, असं तिचं म्हणणं होतं. तिने कुणाला तरी विचारलंही होतं. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्यावा, तीन दिवस लागतील, आईला घेऊन ये. मी आधी हसण्यावारी नेलं. मग ती माझ्या फ्लॅटच्या दाराची दिशा विचारायला लागली, तेव्हा माझा आवाज चढला. म्हटलं, "आत्या, तीन गोष्टी एका वर्षात घडल्या, याला योगायोग म्हणतात. आणि मामा तर आपल्या घराण्यातला पण नाही. बाकीचं सगळं वेडेपणा आहे." आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, ठेवते."

आई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रंगकामाला लागले. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला पुठ्ठाच, तो पाणी पितो. कडा तर स्पंजासारख्या. आधी प्रायमर, तो वाळला की बारीक सँडपेपर, मग काळ्या ॲक्रिलिकचे दोन हात. चकाकणारा काळा घेऊ नये, ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसते. आईने विचारलं, "हा तुमचा गेरू का?" म्हटलं, अगदी तसंच. तिने सांगितलं, गेरूचा पहिला हात पातळ द्यायचा, जमिनीने तो पिऊन घेतला की दुसरा दाट. तेही इथे अगदी तसंच निघालं.

पण मी घाईत फक्त वरच्या बाजूला रंग दिला होता. सकाळी उठून पाहते तर पट परातीसारखा वाकलेला. एका बाजूने ओल शोषली, दुसरी तशीच राहिली. मग मागूनही रंग दिला, पट पालथा घातला आणि वर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या. तीन कोपरे वळणावर आले. चौथा आजही किंचित वर उचललेला आहे.

निव्वळ काळा रंग दिला की अंतराळ दिसत नाही, शाळेतला फळा दिसतो. म्हणून त्यावर तेजोमेघ काढायचे. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा, त्याला जेमतेम रंग. आधी गडद निळा, मग जांभळा, मग मध्यावर थोडा गुलाबी, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान. आपण रंग देतोय असं वाटलं की जास्त झालाच म्हणून समजावं. या कामात मी निर्धास्त होते, कारण तेजोमेघाचे रंग चुकले असं कुणी म्हणू शकत नाही. हबल दुर्बिणीचं १९९५ सालचं 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हे प्रसिद्ध छायाचित्र घ्या. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश वेगवेगळ्या गाळण्यांमधून टिपला आणि त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग वाटून दिला. आपण तिथे जाऊन उघड्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर ते तसं दिसलं नसतं. मग माझ्या जांभळ्याला कोण नावं ठेवणार?

चूक दिसते ती ताऱ्यांत.

पहिले तारे मी बारीक ब्रशने एकेक करून दिले. कोपऱ्यातला वीतभर भाग भरला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि ते आकाश नव्हतंच. ते फ्रॉकचं कापड होतं. काळ्यावर पांढरे ठिपके, सगळे एकमेकांपासून बेताच्या अंतरावर. मी मुद्दाम वेडेवाकडे दिले होते, तरीही. मी तो भाग परत काळा केला आणि माझ्या धंद्याला शोभेल असं काम केलं. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटरला म्हटलं, या चौकोनात तुला वाटेल तिथे ठिपके टाक, एक टाकताना आधीचा कुठे पडला ते पाहू नकोस. पडद्यावर जे आलं ते पाहून क्षणभर वाटलं, कोड चुकलं. एका ठिकाणी पाच ठिपके एकमेकांना खेटून, शेजारी तळहाताएवढी जागा रिकामी. पण कोड बरोबर होतं. आकाशही असंच दिसतं.

मला गंमत वाटली आणि मी आईला हाक मारली. पुस्तकांना घालायचा खाकी कागद घरात होता. त्याला सहा घड्या घातल्या आणि उघडला, तर चौसष्ट चौकोन झाले. आईच्या हातात पांढरा रंग आणि ब्रश दिला. "मनाला येईल तसे चौसष्ट ठिपके दे. चौकोनांकडे बघू नकोस. ओळी नकोत."

"ओळी नकोत?"

"अजिबात नकोत."

ती जमिनीवर बसली. रंगाला हात लावायला आधी थोडी बिचकली. रांगोळी नाही ना ही, असं स्वतःशीच म्हणाली. आणि मग भराभर ठिपके दिले. मी मोजले. रिकामे चौकोन नऊ निघाले. कॉम्प्युटरने दुसऱ्या कागदावर तेवढेच ठिपके टाकले होते, त्यात रिकामे पंचवीस होते. गणिताने साधारण चोवीस यायला हवेत. आपल्याला वाटतं, स्वैर म्हणजे सगळीकडे सारखं विखुरलेलं. पण ठिपके खरोखर एकमेकांची पर्वा न करता पडले तर ते गोळा झालेले दिसतात, आणि एक तृतीयांशाहून जास्त घरं कोरी राहतात. माणसाच्या हाताला हे जमत नाही. तो शेजारच्या ठिपक्याला टाळतो.

आईला हे आवडलं. तिने कॉम्प्युटरचा कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मला वाटलं, हीच वेळ आहे. आत्याचा फोन माझ्या डोक्यातून गेलेला नव्हता आणि आई त्र्यंबकला जायला हो म्हणेल, अशी धास्ती होती. म्हणून मी तिला लंडनच्या बॉम्बची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मनीने लंडनवर व्ही-वन नावाचे उडते बॉम्ब सोडले. काही भागांत ते पुन्हा पुन्हा पडले, काही भाग पूर्ण वाचले. ते गटागटाने पडतात, यामागे काहीतरी नेम आहे, असं लोकांच्या बोलण्यात होतं. आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणितीने १९४६ साली याचा हिशोब छापला. त्याने दक्षिण लंडनमधल्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे सारखे ५७६ चौकोन पाडले आणि प्रत्येकात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण ५३७ बॉम्ब. ते निव्वळ स्वैर पडले असते तर पॉयसाँच्या सूत्राप्रमाणे सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवेत. राहिले २२९. एकच बॉम्ब पडलेले सुमारे २११ यायला हवेत. आले २११. गट होते, पण ते आईच्या हातातल्या त्या दुसऱ्या कागदावर होते तसे. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

"म्हणजे," मी म्हणाले, "एका घरावर सहा महिन्यांत तीन गोष्टी पडल्या, तर कुणी नेम धरून टाकल्या असं होत नाही. हजारो घरांत काही घरं अशी असणारच. आणि आत्या मामाला पण मोजते. गोळी आधी मारायची आणि तिच्याभोवती वर्तुळ नंतर काढायचं, असं आहे ते."

आईने कागद खाली ठेवला.

"बॉम्ब एकमेकांना ओळखत नाहीत," ती म्हणाली. "तुझी आजी तुझ्या बाबांची आई होती."

मी गप्प बसले.

"तू इथे होतीस. तुला नाही माहीत. ते गेल्यावर त्यांनी दुपारचा चहा सोडला. तो दोघं मिळून घ्यायचे ना. मग सकाळची भाकरी अर्धी झाली. मग पाव. डॉक्टर म्हणाले, वयामुळे. मी रोज ताट उचलत होते. आईंचं जाणं योगायोग नव्हता गं. तो त्याच एका दगडाचा दुसरा घाव होता."

मग थोड्या वेळाने, उठता उठता: "आणि तुझी आत्या दोन महिन्यांत भाऊ आणि आई घालवून बसली आहे. तिच्या चौकोनात दोन पडलेत. तिला तू फोनवर वेडेपणा म्हणालीस."

मी इंजिनिअरिंगला संख्याशास्त्र शिकले आहे. पॉयसाँच्या सूत्राला एक अट असते, ती परीक्षेत लिहावी लागते: घटना परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. एका ठिपक्याने दुसऱ्याला ओढता कामा नये. ती अट मी कॉम्प्युटरला बरोबर सांगितली होती. आपल्या घराला ती लावताना तपासली नव्हती. आणि विमागणितात तर हे जुनं ज्ञान आहे. नवराबायकोंपैकी एक गेला की मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका काही काळ वाढतो, म्हणून दोघांच्या मिळून काढलेल्या पॉलिसीचा हिशोब दोन सुट्या आयुष्यांसारखा करून चालत नाही. क्लार्कच्याच धंद्यातली माणसं हे जाणतात. मी त्याचं अर्धंच उचललं होतं, मला सोयीचं होतं तेवढं.

त्या रात्री पट तसाच ठेवून मी वाचत बसले. खऱ्या आकाशातही हा प्रश्न कुणीतरी विचारला असणार, असं वाटलं, आणि तो विचारलेला होता. १७६७ साली जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने कृत्तिका घेतल्या. तारे नुसते उधळले असते तर इतके तेजस्वी सहा तारे इतक्या जवळ येण्याची शक्यता किती, याचा हिशोब त्याने केला. उत्तर आलं, पाच लाखांत एकाच्या आसपास. तेव्हा त्याने म्हटलं, हे योगायोगाने जवळ दिसत नाहीत, हे खरंच एकत्र आहेत. आज आपल्याला माहीत आहे की ते एकाच मेघातून जन्मलेले आहेत. म्हणजे एकच हिशोब दोन्हीकडे नेतो. लंडनमध्ये तो सांगतो की गट खोटा आहे, कृत्तिकांमध्ये सांगतो की खरा आहे. आधीच ठरवून टाकायचं नसतं.

आणि मग सप्तर्षी. साताऱ्याच्या गच्चीवर आजी उन्हाळ्यात आम्हाला ते दाखवायची. क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची, अशी बोट फिरवत नावं घ्यायची, आणि वसिष्ठाजवळची अरुंधती ज्याला दिसेल त्याचे डोळे चांगले. रिचर्ड प्रॉक्टरने १८६९ साली दाखवलं की या सातांपैकी मधले पाच आकाशातून एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. ते एका कुटुंबातले आहेत. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्यातले नाहीत. आपापल्या वाटेने जाताना ते आपल्याला त्या रांगेत दिसतात एवढंच. पाहणाऱ्याला सातही सारखेच. हजारो वर्षं आपण त्यांना सात भावांसारखं मोजलं आणि त्यात पाच खरे निघाले, दोन वाटसरू.

आमच्या तीन घावांतही तसंच असावं, असं मला वाटतं. मामाचा पाय हा वाटसरू. घाटात पाऊस होता, टायर गुळगुळीत झाले होते. बाबा आणि आजी मात्र एका ओढीने बांधलेले होते. त्यासाठी घराला काही लागावं लागत नाही, पण त्याला योगायोगही म्हणता येत नाही. आत्याचं उत्तर चुकलं असेल. तिला जे दिसत होतं ते मात्र खरं होतं.

पाडव्याच्या दिवशी तारे दिले, टूथब्रशने. पांढरा रंग दुधाइतका पातळ करायचा. जास्त पातळ झाला तर थेंब ओघळतात, दाट राहिला तर उडतच नाही. ब्रश बुडवायचा, आधी वर्तमानपत्रावर दोनदा झटकायचा, कारण पहिले थेंब मोठे पडतात. मग पटावर आडवा धरून अंगठा केसांवरून आपल्याकडे ओढायचा. केस पुढे झेपावतात आणि रंगाचे बारीक तुषार पुढे उडतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला पिंपळाचं पान ठेवून आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. लांबून झटकलं तर बारीक तारे, जवळून झटकलं तर ठसठशीत. हात एका जागी ठेवला तर मध्ये दाटी होते, म्हणून फिरवत राहायचा. मोठे तारे ब्रशच्या मागच्या टोकाने टेकवले. काहींना पिवळ्याचा, काहींना निळ्याचा अगदी किंचित हात दिला, कारण खऱ्या आकाशातही आर्द्रा तांबूस दिसते आणि व्याध निळसर पांढरा. अर्ध्या तासात पट भरला. माझ्या कुर्त्यावर, चष्म्यावर आणि फ्रिजच्या दारावरही तारे होते. आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आता दिसतंय." तिच्याकडून ही मोठी पावती होती.

भाऊबीजेला आत्या आली. दरवर्षी ती नाशिकहून साताऱ्याला बाबांना ओवाळायला यायची, या वर्षी पुण्याला आली. फराळाचे डबे घेऊन. येणार हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती दोघं स्वयंपाकघरात बोलत होती तेव्हा आईचं एक वाक्य मला ऐकू आलं: "जाऊ ना त्र्यंबकला. यांच्या आणि आईंच्या नावाने करू, तुम्हाला बरं वाटेल म्हणून करू. घराला काही लागलंय म्हणून नको." आत्या काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नंतर, डिसेंबरात, त्या दोघी खरंच जाऊन आल्या. मी गाडी चालवली.

वॉर्निशचा वास जावा म्हणून पट हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवला होता. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, हा खेळायला आहे, यावर यानं ठेवायची. तिने मान हलवली. मग विचारलं, "यात चंद्र कुठाय?"

"चंद्र नाही गं यात. हे फार लांबचं आकाश आहे, तिथे आपला चंद्र नसतो."

ती "हो का" म्हणाली आणि गॅलरीत गेली. माझी गॅलरी पश्चिमेला आहे. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे मला माहीत होतं, पण ते ऐन वेळी आठवलं नाही. आठवलं ते ती बाहेर गेल्यावर. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या वर द्वितीयेची कोर होती, नखाएवढी. आत्याच्या हातात तबक नव्हतं. वर्ष झालेलं नव्हतं, ओवाळायचं नव्हतंच. ती नुसती कठड्याला धरून उभी होती.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आत्या, फोनवर मी नको ते बोलले."

"तू पहिल्यापासून उलटच बोलतेस," ती म्हणाली. "तुझा बाबाही असाच होता. आईशी भांडायचा आणि दुपारी तिच्याशेजारी बसून चहा प्यायचा."

कोर टाकीमागे जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

पट आता पलंगामागे असतो आणि शनिवारी टेबलावर येतो. चादरीसारख्या सुरकुत्या पडत नाहीत, यानं कलंडत नाहीत, भांडणं तेवढी होतात. पहिल्या दिवशी गटातल्या एकाने पटाच्या एका बाजूला बोट दाखवून विचारलं होतं, इथे इतके तारे एकत्र आणि त्याच्याजवळ एवढी जागा रिकामी, हे मुद्दाम केलंस का? मी नाही म्हणाले. आई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "ते असंच पडतं." आणि कप पटावर ठेवू नका, अशी सगळ्यांना तंबी दिली.

चौथा कोपरा अजून उचललेला आहे. त्यामुळे खेळताना पट डुगडुगतो आणि काडीवरची यानं थरथरतात. त्याखाली आम्ही आईचा तो चौसष्ट चौकोनांचा खाकी कागद घडी घालून ठेवतो. सहाही घड्या परत घातल्या की जाडी बरोबर जमते.